शाल-श्रीफळ राहू दे, आधी ऑर्डर द्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ८ मार्चला गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्याच एका गावात देवळाच्या सभागृहात महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि आमच्या वाड्यावरच्या वहिनीचा सत्कार होता. वहिनी पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडाची, ताटं आणि द्रोण बनवते, गावातल्या चार बायकांना तिच्याकडे काम मिळतं, आणि थर्माकोलचा कचरा ओहोळात जाऊ नये म्हणून तिने हे सुरू केलंय हे सगळ्या गावाला माहीत आहे. शाल घातली, श्रीफळ दिलं, तीन भाषणं झाली, फोटो झाले, आणि नंतर शिरा आणि बटाटवडा आला तो प्लास्टिकच्या प्लेटांतून. वहिनीने प्लेट हातात घेतली, उलटी करून बघितली, काही बोलली नाही. गाडीतून घरी येताना म्हणाली, भावोजी, घरात आता नऊ शाली झाल्या आणि मशीनचं वीजबिल दोन महिने थकलंय.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मी फोंड्याला एका दुकानाचे हिशेब लिहितो, आकड्यांतलं मला कळतं, पण तिच्या घरापासून दोनशे पावलांवर राहून मी तिला कधी विचारलंच नव्हतं की तुझं गणित जमतंय का. तेव्हापासून मी तिच्यासोबत बसतो. त्यातून जे कळलं, जे चुकलं आणि जे उपयोगी पडलं ते इथे पायरीपायरीने लिहितोय, तुमच्या गावात असं कोणी असेल तर त्याच्यासाठी वापरा.

आधी हे ठरवा की मदत कोणाला करायची

सामाजिक उद्योजक हा शब्द आता कोणालाही लावतात. माझी खूण साधी आहे. त्या माणसाचं काम उद्या बंद पडलं तर फक्त त्याच्या घरचं नुकसान होईल की गावातलं काहीतरी परत पहिल्यासारखं वाईट होईल? वहिनीचं बंद पडलं तर चार घरांचा पगार जाईल आणि समाराधनेच्या जेवणाला परत थर्माकोल येईल. कोणी खाजन शेतीतला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतला, भात साफ करून पॅकिंग करून विकत असेल आणि त्या जोरावर चार शेतकरी बांध सांभाळत असतील तर तो बंद पडला की बांध फुटेल, खारं पाणी आत येईल. हे सामाजिक उद्योजक. आणि दुसरी खूण म्हणजे तो माणूस विकून जगतो, देणगीवर नाही. देणगीवर चालणारी कामं पण मोठी असतात, पण त्यांना मदत करायची पद्धत वेगळी, ती या लेखात नाही.

आपल्याकडे हे महत्त्वाचं का आहे ते डिचोली, सत्तरी, धारबांदोड्याच्या खाणपट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजेस रद्द केल्या, दारात ट्रक उभे राहिले आणि गॅरेजवाल्यापासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळे एकदम बसले. गावातच उभी राहिलेली आणि गावालाच धरून असलेली छोटी कामं किती लागतात ते तेव्हा कळलं.

पायरी १: एक दिवस नुसतं जाऊन बसा

सल्ला घेऊन जाऊ नका. सकाळी जा आणि संध्याकाळपर्यंत बसा, हातात काम दिलं तर करा.

मी गेलो तेव्हा मला वाटत होतं की तिला मार्केटिंग हवंय, इन्स्टाग्राम पेज करून दिलं की झालं. तिथे बसल्यावर काय दिसलं ते सांगतो. कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, गोळा करून आणलेल्या विऱ्या मागच्या पडवीत रचलेल्या. एकेक विरी पाण्यात भिजत घालायची, ब्रशने घासून धुवायची, थोडी निथळू द्यायची, मग तापलेल्या साच्याखाली धरायची, वरून दाब बसतो, वाफेचा फस्स आवाज येतो, ओल्या लाकडासारखा वास सुटतो आणि ताट तयार. एका मोठ्या विरीतून दोन ताटं आणि उरलेल्या तुकड्यातून कधी एखादा द्रोण. हे सगळं छान चाललेलं. पण पडवीच्या एका कोपऱ्यातली रास तिने हाताने उचलून मला दाखवली तर आतून काळी-हिरवी बुरशी. शंभर विऱ्यांमागे वीसेक अशाच जातात, म्हणाली.

आणि मग खरी गोष्ट कळली. विरी मुबलक पडते ती साधारण डिसेंबर ते मे. पावसात पडलेली विरी भिजते, कुजते, कामाची राहत नाही. पण तिची सगळ्यात मोठी मागणी येते चवथीला, गणेश चतुर्थीला, म्हणजे ऐन पावसात. म्हणजे मे महिन्यापर्यंत विरी विकत घेऊन, सुकवून, कोरडी साठवून ठेवायला पाहिजे, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे नसतात कारण चवथीचे पैसे चवथीनंतर येतात. तिला गिऱ्हाईक कमी नव्हतं. तिला मे महिन्यातले पैसे आणि एक कोरडी जागा पाहिजे होती. मी इन्स्टाग्राम पेज केलं असतं तर ऑर्डरी वाढल्या असत्या आणि ती आणखी अडकली असती.

त्या दिवशी तीन गोष्टी विचारा, फार नाही. वर्षातल्या कुठल्या महिन्यात हात सगळ्यात तंग असतो? कुठलं काम तुला एकटीलाच करावं लागतं? आणि कोणाकडे किती पैसे अडकलेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळणार नाही कारण अडकवणारे बहुतेक ओळखीचेच असतात, नात्यातले पण असतात, थोडा वेळ द्या.

पायरी २: वही काढा आणि एका ताटाचा हिशेब मांडा

ही पायरी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते म्हणून इथे जरा थांबतो.

वहिनी एक मोठं ताट साडेपाच रुपयांना विकायची. तिचं म्हणणं की खर्च साडेतीन, म्हणजे दोन रुपये सुटतात. साडेतीन कसे? तीन रुपयांची विरी, त्यात दोन ताटं, म्हणजे दीड. वीज पन्नास पैसे. मदतीला असलेल्या बाईचा रोज ४५० रुपये, दिवसाला ४०० ताटं, म्हणजे सव्वा रुपयापेक्षा थोडं कमी. टेम्पो चाळीस पैसे. झालं.

आम्ही परत मांडलं. शंभर विऱ्यांचे ३०० रुपये दिले पण वीस बुरशीत गेल्या, तर ८० विऱ्यांची १६० ताटं, म्हणजे विरीचाच खर्च एक रुपया नव्वद पैशांच्या आसपास. मशीनवर वहिनी स्वतः उभी असते, तिचा रोज कुठे आहे? तो धरला तर मजुरी सव्वादोन रुपये. वीज पन्नास पैसे, टेम्पो चाळीस, गठ्ठ्याचं पॅकिंग वीस पैसे, आणि मशीनची कॉइल जाते, साचा झिजतो, त्याचे साठ पैसे बाजूला काढायलाच पाहिजेत. बेरीज पाच रुपये पंच्याऐंशी पैसे. म्हणजे प्रत्येक ताटामागे पस्तीस पैसे ती आपल्या पदरचे घालत होती आणि गाव म्हणत होतं की वहिनीचा धंदा जोरात आहे.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, माझा रोज धरायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे आकडे आमच्या वहीतले, तुमच्याकडे विरी वेगळ्या भावाने मिळेल, मजुरी वेगळी असेल, माल वेगळा असेल. पण चार रकाने कुठेही लागू होतात: वाया जाणारा माल, स्वतःची मजुरी, मशीनची झीज, आणि उधारी बुडण्याचा हिस्सा. समाजासाठी काम करणारी माणसं हेच चार रकाने सोडून देतात कारण त्यांना स्वतःची मजुरी मागायला संकोच वाटतो. तुम्ही हिशेब लिहिणारे असाल, बँकेत असाल, शाळेत गणित शिकवत असाल तर महिन्यातून एक रविवार सकाळ या कामाला द्या, याच्याइतकी दुसरी मदत नाही.

ताटाचा भाव सात रुपये केला. दोन गिऱ्हाईकं तुटली, बाकीची राहिली.

इथे लिज्जत पापडची गोष्ट आठवते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात गच्चीवर सात बायकांनी सुरुवात केली, ८० रुपये उसने घेऊन. ते ८० रुपये देणारे छगनलाल पारेख, ज्यांना छगनबाप्पा म्हणायचे, त्यांनी पुढे काय मदत केली ते बघा. बायका सुरुवातीला दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांनी सांगितलं, एकच प्रत करा, तीच चांगली करा, आणि हिशेब चोख ठेवा, हा धंदा आहे असं समजून चालवा. त्या बायकांनी पण ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. ८० रुपये कोणीही दिले असते, पण प्रत आणि हिशेब सांगायला सोबत थांबणारा माणूस मिळाला म्हणून ते पुढे गेलं असं मला मनापासून वाटतं.

पायरी ३: ऑर्डर द्या, आगाऊ द्या, आणि पैसे वेळेवर द्या

गोव्यात वर्षभर काही ना काही असतंच. चवथ, तुळशीचं लग्न, मग जत्रा आणि पालख्या, लग्नसराई, शिगमो, फेस्तं, मध्येच बारसं, मुंज, बारावं-तेरावं. प्रत्येक ठिकाणी पंगत. २०२२ च्या १ जुलैपासून थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे यांच्यावर देशभर बंदी आहे, तरी सवयीने तेच येतं कारण ते दुकानात आयत्या वेळी मिळतं. विरीचं ताट आयत्या वेळी मिळत नाही, ते आधी सांगावं लागतं. म्हणून एक कागद घ्या आणि आपल्या घरच्या, वाड्यावरच्या, देवस्थानच्या, भजनी मंडळाच्या वर्षभरातल्या पंगती लिहा, किती पानं उठतात ते लिहा. आमच्या एकट्या वाड्याची यादी केली तर मलाच आश्चर्य वाटलं इतकी ती लांब होती.

मग ती यादी घेऊन मार्च-एप्रिलमध्ये ऑर्डर द्या आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. आमच्या मंडळाने चवथीच्या अकरा दिवसांसाठी दोन हजार ताटं सांगितली, सात रुपयांनी चौदा हजार होतात, सात हजार एप्रिलमध्ये दिले. त्या सात हजारांत तिने दोन हजार तीनशे विऱ्या उन्हात सुकवून ठेवल्या. कर्ज नाही, व्याज नाही, उपकार नाही, मंडळाला तसेही ते पैसे द्यायचेच होते, फक्त चार महिने आधी दिले.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक, आगाऊ पैसे देताना साध्या कागदावर लिहा, किती नग, कुठल्या मापाचे, कधी द्यायचे, उशीर झाला तर काय करायचं. ओळखीत लिहायला संकोच वाटतो पण ओळख टिकवायची असेल तर लिहाच. दुसरी गोष्ट, घासाघीस करू नका. आपली माणूस आहे म्हणून कमी कर असं म्हणणारे मी खूप बघितले, आपली माणूस आहे म्हणून पूर्ण भाव घे असं म्हणणारा आमच्याकडे एकच म्हातारा बागायतदार निघाला, आणि त्याने आपल्या नातीच्या लग्नाचे सगळे पैसे आदल्या दिवशी घरी आणून दिले.

हॉटेलं, रिसॉर्ट, केटरर यांना माल देत असेल तर कायदा माहीत असू दे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं. आणि आता आयकरात पण असं झालंय की वेळेत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या धंद्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, ही ओळ बिलाखाली छापून ठेवली तरी पुष्कळ वेळा पैसे लवकर येतात. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार पण करता येते, पण तिथे जाण्याआधी तुम्ही तिच्यासोबत हॉटेलात जाऊन अकाउंट्सवाल्याला भेटा, बाई एकटी गेली की उद्या या म्हणतात, सोबत हिशेबाची फाईल घेऊन कोणी उभं असलं की चेक निघतो. हे बरोबर नाही पण असंच आहे.

पायरी ४: कागदपत्रं, तिच्यासोबत रांगेत उभं राहून

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट आहे. एजंट त्याचे हजार-दोन हजार घेतात, देऊ नका, आधार आणि पॅन घेऊन बसलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. खाण्याची वस्तू असेल, म्हणजे लोणचं, कोकम, आमसुलं, खाजे, काहीही, तर फूड सेफ्टीची नोंदणी लागते, छोट्या घरगुती धंद्याला तिची फी किरकोळ असते. जीएसटी मालाच्या धंद्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत लागत नाही, पण मोठी हॉटेलं कधीकधी जीएसटी नंबरच मागतात, तेव्हा घाईत घेऊ नका, एकदा घेतला की रिटर्न भरत राहावं लागतं.

आपल्याकडची खरी अडचण जागेची. घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेलं, असतं, किंवा एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर आजोबांच्या वेळची सोळा नावं असतात, त्यातली पाच मुंबईला आणि दोन पोर्तुगालला. मशीनसाठी मागे शेड घालायची म्हटली की पंचायतीत परवाना, त्याला सहमालकांची ना हरकत, वीज खात्याकडे जोडणी बदलायची, प्रत्येक ठिकाणी तोच उतारा. आणि आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची एकत्र धरतात, त्यामुळे घर किंवा जमीन गहाण ठेवायची तर दोघांच्या सह्या लागतात, नवरा जहाजावर असेल तर तो येईपर्यंत सगळं थांबतं. हे आधीच माहीत असेल तर मुखत्यारपत्र वेळेत करून घेता येतं. वाड्यावरचा एखादा वकील, निवृत्त तलाठी, पंचायतीचा माजी सेक्रेटरी, असा माणूस तिला गाठून द्या. वहिनीचं कामही असंच झालं. तिच्या दिराने पुण्याहून ना हरकत पाठवली ती माझ्या फोनमुळे नाही, वाड्यावरच्या एका निवृत्त मास्तरांनी त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं म्हणून.

एकटीने करायचं की गट, सोसायटी, कंपनी काढायची हा प्रश्न लवकर येतो. माझं मत, पहिली दोन वर्षं एकटीच्या नावाने किंवा बचत गटातून करा. सोसायटीला बरीच माणसं लागतात, शेतमालाची प्रोड्युसर कंपनी काढायची तर दहा उत्पादक लागतात, आणि कंपनी म्हटली की दर वर्षी ऑडिट आणि फायलिंगचा खर्च. शेतकरी जास्त असतील तर सहकारी संस्था बरी, फोंड्याची गोवा बागायतदार आपल्या डोळ्यांसमोर आहे.

अर्ज परत आला तर तिला एकटं सोडू नका. साताऱ्याच्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायका माणदेशी बँकेचा अर्ज घेऊन गेल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो पहिल्यांदा नाकारला होता, कारण अर्जावर अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचं गणित तोंडी करून दाखवायची तयारी ठेवून गेल्या. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

पायरी ५: पैसा कुठला घ्यायचा

चार महिन्यांचं अडकणं असेल तर आगाऊ ऑर्डर किंवा बचत गटाचं कर्ज. मशीन घ्यायचं असेल तर बँकेचं मुदतीचं कर्ज. उलटं करू नका, मशीनसाठी गटातून महिन्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलेली एक बाई मला माहीत आहे, तिचा पहिला माल निघायच्या आधी तीन हप्ते थकले.

गावात उद्योग काढणाऱ्या बाईला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत सबसिडी आणि स्वतःचे ५ टक्के असं गणित असतं. खाद्यप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांना २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. ईडीसीकडे, म्हणजे गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाकडे, मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. जायच्या आधी ती योजना आत्ता चालू आहे का आणि अटी काय हे खात्यात विचारून घ्या, गावच्या स्वयंपूर्ण मित्रालाही (सरकारने गावासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यालाही) विचारा. पण एक गोष्ट तिला नीट समजावून सांगा: बँकेच्या कर्जासोबतची ही सबसिडी हातात रोख येत नाही, ती बँकेत वेगळी राहते आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की मग कर्जात वळती होते. सबसिडी मिळणार म्हणून टेम्पो बुक केलेले लोक मी बघितलेत.

तुम्ही स्वतः पैसे देणार असाल तर आधी ठरवा, उसने की दान, आणि तिला तसं स्पष्ट सांगा. मनात उसने आणि तोंडाने "असू दे गं" असं केलं की दोन वर्षांनी संबंध बिघडतात.

मोठ्या कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशांचं, नाव निघतं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात, पण ते एकट्या बाईच्या धंद्याला थेट मिळत नाहीत, नोंदणीकृत संस्था लागते, तिचा सीएसआर-१ चा नंबर लागतो. त्यामागे धावण्यापेक्षा त्याच कंपनीच्या कँटीनची ऑर्डर मागा, ती लवकर मिळते आणि दर महिन्याला मिळते.

शिकलेली पोरं असतील, नवीन मशीन किंवा ॲपची कल्पना असेल, तर नवे उद्योग उभे करायला मदत करणारी इन्क्युबेशन सेंटरं आहेत, साखळीच्या जीआयएम या मॅनेजमेंट कॉलेजातलं, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को कॉलेजातलं फायर, वेर्ण्याचं सीबा, तिथे जरूर पाठवा. पाठवा म्हणजे पहिल्या दिवशी सोबत जा, कारण तिथली इंग्रजी ऐकून आमची पोरं दारातून परत येतात.

पायरी ६: ग्रामसभेत तिच्या बाजूने उठा

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी ग्रामसभा असते. विषय आयत्या वेळी मांडला की गोंधळात जातो, म्हणून आठवडाभर आधी सेक्रेटरीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. काय मागायचं ते नेमकं मागा. कामाला प्रोत्साहन द्यावं असा ठराव काही कामाचा नाही. पंचायतीच्या सगळ्या कार्यक्रमांत धातूची किंवा विरीची ताटंच वापरावीत, पंचायतीची बंद पडलेली अमुक खोली पावसाचे चार महिने साठवणीला भाड्याने द्यावी, असा ठराव करा. आम्ही दुसरा मागितला, भाडं देऊ म्हणून आधीच सांगितलं, वाद झाला, कोणीतरी उठून म्हणालं की ती धंदा करते, पैसे कमावते, तिला कशाला पंचायतीची खोली?

हा प्रश्न तुमच्या गावातही येणार म्हणून उत्तर तयार ठेवा. मी म्हटलं, कमावते म्हणून तर चार बायकांना रोज देते, उद्या ती कमावली नाही तर त्या चौघींना रोज कोण देणार ते आत्ता सांगा. खोली मिळाली, महिना ८०० रुपये भाड्याने.

पायरी ७: एक काम तिच्या डोक्यावरून कायमचं उतरवा

सगळ्यांनी सगळी मदत करायची नसते, तसं झालं की कोणीच करत नाही. एकेकाने एक काम उचलायचं आणि ते दर आठवड्याला करायचं. माझं हिशेबाचं. वाड्यावरचा एक मुलगा रोज मोटारसायकलने फोंड्याला कामाला जातो, तो मंगळवारी दोन गठ्ठे घेऊन जातो आणि दुकानात देऊन पावती आणतो. मास्तर सरकारी पत्रं लिहितात. एक काकी चवथीच्या आधीचे पंधरा दिवस वहिनीच्या सासूला दुपारचं जेवण वाढते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी मदत ती काकी करते कारण त्या पंधरा दिवसांत मशीन एकदाही थांबत नाही.

आणि माल खराब आला तर थेट तिला सांगा. आमच्या समाराधनेला एकदा गरम खतखतं वाढल्यावर चारपाच ताटांतून पाणी झिरपलं, कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि दोन तासांत साठ मेसेज. तिला कळलं ते रात्री. झालं होतं असं की साचा नीट तापायच्या आधी पहिली ताटं काढली गेली होती, हे एका फोनवर सुटलं असतं. आता प्रत्येक गठ्ठ्यात तिचा नंबर असतो आणि ग्रुपवर कोणी काही टाकलं तर आम्ही आधी तिला फोन केला का असं विचारतो.

दुसरं माणूस तयार होतंय का ते पण बघा. वहिनीला दोन महिने पाठीने धरलं तेव्हा मशीनवर उभं राहणारं कोणी नव्हतं. आता कामावरची एक मुलगी साचा बदलायला, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकलीय, तिच्या नावाने वहीत वेगळा रोज लिहितो.

आणि बंद करायचं म्हणाली तर

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. शेजारच्या गावात एका गटाने कापडी पिशव्या शिवायला सुरुवात केली होती, तीन वर्षं केलं, जमेना. गावाने त्यांना धीर सोडू नका, धीर सोडू नका असं म्हणत आणखी एक वर्ष ओढलं आणि त्या वर्षात डोक्यावर कर्ज झालं. थांबायचं म्हणत असेल तर ऐका, वही काढा, आणि मानाने बंद करायला मदत करा. आधी कामावरच्या बायकांचा रोज चुकता करायचा, मग बँक, मग दुकानदार, मग आपल्यासारखे उसने देणारे. नोंदण्या रद्द करायच्या, नाहीतर नोटिसा येत राहतात. मशीनं भंगारात जाऊ द्यायची नाहीत.

त्या गटाच्या चार शिलाई मशीनं आम्ही वहिनीच्या टेम्पोतून आणली. त्यातली दोन आमच्या गावातल्या टेलरने घेतली, त्या पैशांत गटाचं उरलेलं बँकेचं खातं मिटलं. उरलेल्या दोनांवर त्याच गटातल्या दोघीजणी आता वहिनीच्या ताटांच्या गठ्ठ्यांना कापडी वेष्टन शिवतात, नगाला ठरलेल्या भावाने, शनिवारच्या शनिवारी हिशेब.